सायलेन्सरात ऑइल आले तर : इंजिन खोलण्याआधी काय पाहावे?



केळीच्या हंगामात आपल्या भागातील शेतकऱ्याचे ट्रकवाचून पान हलत नाही. घड एकदा कापला की तो कोणासाठी थांबत नाही. हिरवा माल वेळेवर भरला गेला आणि वेळेवर रस्त्याला लागला, तरच वर्षाच्या कष्टाचे पैसे होतात. म्हणून ट्रक उभा राहिला तर नुसती गाडी उभी राहत नाही, घरचा सगळा हिशोबच उभा राहतो.

आमच्या घरीही एक जुना टर्बोवाला ट्रक आहे. एका हंगामात त्याच्या सायलेन्सरातून काळे, चिकट ऑइल गळू लागले आणि निळा धूर येऊ लागला. एका गॅरेजात दाखवला, तेव्हा टर्बो गेला असे सांगण्यात आले. टर्बो बदलला, पण आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसरा टर्बो बसवला, तरी ऑइल थांबेना. मग "आता पूर्ण इंजिनाचे काम काढा" असा सल्ला मिळाला. त्या कामासाठी घरातले सोने गहाण टाकण्याची बोलणी सुरू झाली होती. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी टर्बोखालचा ऑइल परत नेणारा पाइप काढून पाहिला. तो एका जागी दबलेला होता आणि त्याच्या तोंडाशी गॅस्केटची पेस्ट सुकून घट्ट बसली होती. पाइप बदलला आणि ऑइल थांबले. इंजिन चांगले होते, पहिला टर्बोही बहुधा चांगलाच होता. आमचे तीन आठवडे आणि दोन टर्बोंचे पैसे मात्र गेले.

ही चूक इतरांकडून होऊ नये, एवढ्यासाठी हा धडा लिहीत आहोत. ट्रक, पिकअप आणि ट्रॅक्टर अशा सर्व डिझेल गाड्यांना तो लागू आहे.

आपल्याकडे डिझेललाही "तेल" म्हणतात. घोटाळा नको म्हणून या लेखात इंजिनातल्या वंगणाला "ऑइल" आणि इंधनाला "डिझेल" असेच म्हणू.

मूळ गोष्ट

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपण पाहिला असेल. 1615 च्या सुमारास, मुघल काळात बांधलेल्या या योजनेत सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारातून शहराकडे आणले आहे आणि वाटेत एकामागून एक कुंड्या आहेत. समजा, शेवटच्या कुंडीत गढूळ पाणी दिसले, तर शहाणा माणूस काय करील? तो मागच्या कुंडीत पाहील, मग त्याच्या मागच्या. जिथे पाणी स्वच्छ दिसेल, त्याच्या पुढेच घाण मिसळते आहे हे त्याला कळेल. सगळे भुयार खणण्याची गरज पडणार नाही.

सायलेन्सरातल्या ऑइलचेही असेच आहे. सायलेन्सर ही शेवटची कुंडी. ऑइल तिथे दिसते, पण तिथे तयार होत नाही. ते मागून येते. म्हणून एकेक टप्पा मागे जायचे आणि पहिला ओला भाग कोणता ते शोधायचे. तो सापडेपर्यंत इंजिन खोलू नये.

टप्पे असे आहेत. हवा एअर फिल्टरमधून टर्बोच्या थंड बाजूला येते. तिथे दाबली जाऊन ती इंटरकूलरमधून इंजिनात जाते. सिलिंडरात डिझेल जळते. जळलेला वायू एक्झॉस्टच्या तोंडांतून मॅनिफोल्डमध्ये जातो, तिथून टर्बोच्या गरम बाजूला आणि शेवटी सायलेन्सरात. ट्रॅक्टरला किंवा जुन्या ट्रकला टर्बो नसेल, तर मधले टप्पे तेवढे वगळावेत.

प्रथम : ते ऑइलच आहे का?

इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात पांढरे फडके फिरवावे आणि नीट पाहावे.

पाणी : सकाळी गाडी सुरू केल्यावर काळे थेंब पडले, तर ते बहुधा काजळी मिसळलेले पाणी असते. एक लिटर डिझेल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. थंड सायलेन्सरात त्याचे थेंब बनतात. फडके वाळल्यावर नुसती काजळी उरते, तेलकट डाग राहत नाही. यात बिघाड काही नाही. मात्र रेडिएटरचे पाणी रोज कमी होत असेल आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे.

डिझेल : पातळ, काळे, उग्र वासाचे. कागदावर थेंब झपाट्याने पसरतो. याचा अर्थ एखादा नोझल गळतो आहे किंवा डिझेल पूर्ण जळत नाही.

ऑइल : जाड आणि चिकट. कागदावर हळू पसरते आणि डाग जाता जात नाही. जळक्या ऑइलचा वास येतो.

पांढरे खडे : नव्या गाड्यांत यूरियाचे द्रावण वापरतात. त्याचे पांढरे स्फटिक पाइपात दिसतात. ते ऑइल नव्हे.

ज्याला पैसे लागत नाहीत अशी तपासणी

एक, ऑइलची पातळी. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि मग पट्टी पाहावी. पातळी वरच्या खुणेपेक्षा जास्त असेल, तर क्रँक ऑइलला फेटते आणि ते नको तिथे चढते. "जास्त घातले तर बरेच" ही समजूत चुकीची आहे. ऑइल न घालता पातळी आपोआप वाढत असेल, तर त्यात डिझेल मिसळते आहे असे समजावे. असे इंजिन चालवू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते.

दोन, वही. किती किलोमीटर झाले आणि किती ऑइल घातले हे प्रत्येक वेळी लिहावे. "खूप खाते" या शब्दांवर मिस्त्री काही ठरवू शकत नाही. "हजार किलोमीटरला अर्धा लिटर, मागच्या महिन्यापासून दीड लिटर" असे सांगितले तर तो ठरवू शकतो.

तीन, एअर फिल्टर. आपल्या काळ्या जमिनीची धूळ उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि केळीच्या मळ्यात जाणारी गाडी ती रोज ओढते. फिल्टर चोंदला की टर्बोला हवा मिळत नाही. मग थंड बाजूला ओढ निर्माण होते आणि टर्बोच्या सीलमधून ऑइल खेचले जाते. ते सिलिंडरात जाऊन जळते. दोष फिल्टरचा असतो आणि नाव टर्बोचे होते.

चार, ब्रीदर. सिलिंडरातून थोडा वायू खाली चेंबरमध्ये नेहमीच उतरतो. त्याला बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची नळी असते. ती चिखलाने किंवा घट्ट झालेल्या ऑइलने बंद झाली की चेंबरमध्ये दाब वाढतो. मग टर्बोतून खाली येणारे ऑइल परत येऊ शकत नाही आणि सील ओलांडून बाहेर पडते. ही नळी काढून साफ करणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

धूर केव्हा येतो?

धुराचा रंग सगळ्यांना ठाऊक असतो. निळा म्हणजे ऑइल. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाणी. पण रंगाइतकीच वेळही महत्त्वाची आहे.

सकाळी पहिल्यांदा सुरू करताच निळा लोट आला आणि मिनिटभरात थांबला, तर रात्रभर वॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल उतरले असावे.

गाडी बराच वेळ उभ्याने चालू राहिली किंवा असीरगडचा घाट रेस सोडून उतरली, आणि पुन्हा रेस देताच निळा लोट आला, तर टर्बोचा किंवा गाइडचा संशय घ्यावा.

भरल्या गाडीने घाट चढताना सतत निळा धूर येत असेल आणि चढाबरोबर वाढत असेल, तर रिंगा आणि बोअर यांच्याकडे पाहावे.

रिंगांची एक सोपी परीक्षा आहे. इंजिन गरम करून हळू चालू ठेवावे. ऑइल ओतण्याच्या तोंडाचे झाकण सैल करून नुसते वर ठेवावे. हलका श्वास जाणवला तर ठीक. झाकण उडू लागले आणि धुराचे भपके येऊ लागले, तर रिंगा झिजल्या किंवा चिकटल्या असण्याचा संभव मोठा आहे. पण ब्रीदर साफ केल्यावरच ही परीक्षा करावी, नाहीतर निष्कर्ष चुकेल. काही इंजिनांत तिथून ऑइलचे तुषार उडतात. म्हणून तोंड जवळ नेऊ नये.

उभ्या गाडीचा दोष

आणखी एक कारण आपल्याकडे फार आढळते. मळ्यात माल भरेपर्यंत तासन्‌तास इंजिन चालू ठेवायची सवय असते. ट्रॅक्टरवर हलके काम करतानाही असेच होते. बिनभाराच्या डिझेल इंजिनात पुरेशी उष्णता होत नाही. रिंगा सिलिंडरला नीट दाबून बसत नाहीत, डिझेल अर्धवट जळते आणि ऑइल व काजळीचे मिश्रण सायलेन्सरात साचते. ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरावरून ते ओघळतानाही दिसते.

असा संशय असेल तर पाणी, ऑइल, फिल्टर आणि ब्रीदर ठीक आहेत हे पाहून गाडी भरल्या भाराने तासभर चालवावी. ओलेपणा कमी होऊन पुन्हा आला नाही, तर रोग सवयीचा होता, इंजिनाचा नव्हे. वर्षानुवर्षे असेच चालले असेल, तर मात्र सिलिंडर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग काम काढावेच लागते.

म्हणून माल भरताना इंजिन बंद ठेवावे. उलट, लांबून दौडत आलेली टर्बोची गाडी एकदम बंद करू नये. दोन-तीन मिनिटे हळू चालू द्यावी, म्हणजे तापलेल्या टर्बोतले ऑइल जळून त्याचा कोळसा होत नाही.

आता पाने हातात घ्यावीत

एवढे करूनही ऑइल येत असेल तर मिस्त्रींना बोलवावे. पण कामाचा क्रम आपण सांगावा.

प्रथम टर्बोचा रिटर्न पाइप काढून पाहावा. तो कुठेही दबलेला, वाकलेला किंवा चोंदलेला नसावा आणि उतारानेच खाली जावा. ऑइल यातून नुसत्या वजनाने उतरते, त्यामागे पंपाचा जोर नसतो. गॅस्केट बसवताना पेस्ट लावू नये. ती आत सुटून वाट बंद करते. आमची गाडी याच कारणाने तीन आठवडे उभी होती.

नंतर हवेचा पाइप काढून टर्बोचे चाक बोटाने हलवावे. बाजूला किंचित हालचाल असणे स्वाभाविक आहे. पण चाक घराला घासू नये, आणि पुढे-मागे हालचाल जवळजवळ जाणवू नये. थंड बाजूला ऑइलचा पातळ लेप असला तर घाबरू नये. ऑइल साचलेले असेल तर शोध घ्यावा.

मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवावा आणि बॅटरी लावून प्रत्येक सिलिंडरचे तोंड पाहावे. या लेखातली सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच.

सर्व तोंडे कोरडी आणि टर्बोच्या पुढे ओले : ऑइल टर्बोतून येते. टर्बो, त्याचा रिटर्न पाइप आणि ब्रीदर यांकडे पाहावे. इंजिन खोलू नये.

एकच तोंड ओले : दोष त्याच सिलिंडरचा. तिथला गाइड, रिंग किंवा नोझल. ओलावा डिझेलचा की ऑइलचा हे आधी ठरवावे. नोझल काढून तपासणे सर्वांत स्वस्त, म्हणून सुरुवात त्यानेच करावी.

सर्व तोंडे ओली : हवेचा मार्ग पाहावा. इनटेकमध्येही ऑइल साचले असेल, तर ते फिल्टर, टर्बोची थंड बाजू किंवा ब्रीदर यांकडून येते. इनटेक कोरडा असेल, तर रिंगा, बोअर किंवा गाइड सगळीकडे झिजले आहेत.

शेवटी कॉम्प्रेशन मोजावे. चांगल्या डिझेल इंजिनात हा दाब साधारण 25 ते 30 किलोच्या घरात असतो. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात पाहावा. गेज डिझेलचेच हवे, पेट्रोलचे चालत नाही. सर्व सिलिंडरांत दाब सारखा आणि पुरेसा आला, तर काम काढायला घाई करू नये. दाब कमी आला, तर मग काम काढण्यावाचून इलाज नाही आणि तो खर्च योग्यच आहे.

दुरुस्तीनंतरही काही दिवस धूर येतो, कारण सायलेन्सरात साचलेले ऑइल जळत असते. म्हणून सायलेन्सर आणि इंटरकूलर आधी साफ करून घ्यावेत. नाहीतर झालेले काम फसले असे वाटून मिस्त्रीशी उगाच वाद होतो.

नव्या गाड्यांविषयी

1 एप्रिल 2020 पासून देशात भारत स्टेज 6 चे नियम लागू झाले. या डिझेल ट्रकांच्या सायलेन्सरात बहुधा काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो ऑइलही अडवतो. त्यामुळे पाइपाचे तोंड स्वच्छ दिसले तरी आत ऑइल जात असू शकते. ऑइल जळून उरणारी राख फिल्टरात साचते आणि ती पुन्हा जळत नाही. अशा गाडीत पुस्तकात सांगितलेले कमी राखेचेच ऑइल वापरावे आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नये. येथे वही फारच उपयोगी पडते, कारण डोळ्यांना काही दिसत नाही.

जिवाला धोका

टर्बोतून ऑइल भरपूर इनटेकमध्ये जाऊ लागले, तर इंजिन डिझेलऐवजी आपल्याच ऑइलवर धावू लागते. चावी बंद केली तरी ते थांबत नाही आणि वेग वाढत जातो. अशा वेळी गाडीत असाल तर सर्वांत वरचा गेअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे. बाहेर असाल आणि हवेचे तोंड सुरक्षितपणे गाठता येत असेल, तर ते जाड फळीने बंद करावे. हात किंवा चिंधी लावू नये, ती आत ओढली जाते. जमत नसेल तर सर्वांना दूर न्यावे. इंजिन फुटले तर फुटो, माणूस वाचला पाहिजे.

ऑइल साचलेला सायलेन्सर घाटात तापतो आणि आतले ऑइल पेट घेऊ शकते. अशी गाडी वाळलेल्या केळीच्या पानांवर, पऱ्हाटीजवळ किंवा गवताच्या गंजीशेजारी उभी करू नये.

आरोग्याच्या चार गोष्टी

डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. धूर तपासण्यासाठी तोंड सायलेन्सरजवळ नेऊ नये आणि मुलांना जवळ उभे करू नये.

बंद शेडमध्ये किंवा गोठ्याशेजारी इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखू लागले, चक्कर आली, तर ताबडतोब मोकळ्या हवेत यावे.

जळके ऑइल कातडीला वाईट. रोज लागत राहिले तर कातडीचे विकार होतात, पुढे कर्करोगाचाही धोका असतो. काम करताना हातमोजे घालावेत. हात साबणाने धुवावेत, डिझेलने नव्हे. ऑइलने भिजलेली चिंधी खिशात ठेवू नये.

गुरांच्या जखमेवर किंवा गोचिडांवर जळके ऑइल लावण्याची जुनी चाल सोडावी. जनावर ते चाटते आणि त्यातले विषारी धातू पोटात जातात. असे ऑइल नाल्यात, विहिरीकाठी किंवा बांधावरही ओतू नये. डब्यात साठवून परवानाधारक खरेदीदाराला द्यावे. ज्या भागाने चारशे वर्षांपूर्वीपासून जमिनीखालचे पाणी जपले, त्या भागात एवढी काळजी घेणे आपल्याला जड जाऊ नये.

ध्यानात ठेवा

1. आधी ओळखा : पाणी, डिझेल की ऑइल?
2. पातळी, फिल्टर, ब्रीदर आणि रिटर्न पाइप पाहिल्याशिवाय टर्बो बदलू नका.
3. मॅनिफोल्ड उतरवून तोंडे पाहिल्याशिवाय आणि कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय इंजिन खोलू नका.
4. माल भरताना इंजिन बंद ठेवा.
5. गाडीत वही ठेवा आणि ड्रायव्हरला लिहायला सांगा.

मिस्त्रींचा मान राखावा, पण पैसे आपले आहेत. "इंजिन खोलायचे" असे कोणी म्हटले, तर शांतपणे एवढेच विचारावे : "भाऊ, पहिला ओला भाग कोणता सापडला?" उत्तर मिळाले तर काम सुरू करावे. नाही मिळाले तर एक दिवस थांबून पुन्हा तपासावे. आम्ही थांबलो नाही, म्हणून आम्हाला तीन आठवडे थांबावे लागले.